नसलेली गाडी

"शेवटची जोड ऐकतो, मग काय ते सांगतो," निकम आण्णा म्हणाले आणि मांडवातल्या खुर्चीत मागे टेकून बसले.

मी माइक हातात घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभा होतो. मोरणवाडीच्या जत्रेचं मैदान होतं, उन्हं कलायला लागली होती आणि दुपारपासून बोलून बोलून माझा घसा गरम झाला होता. माझ्याशेजारी तुका आवळे हलगी घेऊन बसला होता. आम्ही दोघांनी मिळून बरीच मैदानं केली होती. मी आवाज चढवला की त्याची हलगी चढायची, मी थांबलो की तो थांबायचा. कुस्तीच्या मैदानात निवेदक आणि हलगीवाला यांचं जमलं नाही, तर भल्या पैलवानांची जोडही पाणचट होते.

निकम आण्णा म्हणजे त्या वेळचं मोठं प्रस्थ. दिवाळीपासून पाडव्यापर्यंतची राज्यातली बरीचशी मैदानं त्यांच्या हातात होती. निवेदक कोण, हलगी कुणाची, हे तेच ठरवायचे. त्यांना पूर्ण वेळचा निवेदक हवा होता. आज इथं तर उद्या तिथं. म्हणजे मला नोकरी सोडावी लागणार होती, आणि मी ती सोडायला एका पायावर तयार होतो.

नोकरी होती एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाची. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अमुक मार्गे तमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक इतक्यावर लागली आहे. दिवसभर हेच. खिडकीचं तोंड आतल्या हॉलकडे, फलाट माझ्या पाठीमागे भिंतीपलीकडे. मी पुकारलेलं कुणी ऐकलं की नाही, कुणी उठलं की नाही, हे मला कधी दिसलंच नाही. ऐकत नसणारच, असं मी धरून चाललो होतो. कारण पुकारून झालं की लगेच कुणीतरी खिडकीशी येऊन तीच गाडी विचारायचं.

सुरुवातीला मी तिथं जरा रंग भरायला गेलो होतो. कोळेगावची गाडी पुकारताना आवाज असा काही चढवला की भिंतीपलीकडचा अख्खा घोळका गाडीकडे धावत सुटला. आमचे स्थानकप्रमुख गवळी साहेब तेव्हा बाहेर उभे होते. आत येऊन त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला. म्हणाले, "हिंदुराव, गाडी लागली हे सांगायचं. गाडी आली म्हणून बोंबलायचं नाही. आवाजाला रंग लागला की माणसं पळतात, आणि पळाली की पडतात. सपाट बोला." तेव्हापासून मी सपाट बोलत होतो. इतका सपाट की घरी गेल्यावर बोलायचाच कंटाळा यायचा. माझी बायको शालन एकदा म्हणाली, "मैदानाहून येता तेव्हा माणसागत असता. स्टँडवरनं येता तेव्हा भिंतीशी बोलल्यागत वाटतंय. सोडा ती नोकरी, बघू काय होतंय ते." पगार बंद होणार हे माहीत असून ती हे म्हणाली होती. त्यामुळे त्या दिवशी तिलाही माझा शब्द दिल्यासारखाच होता. मैदान मारायचं आणि उद्या सकाळी गवळी साहेबांपुढे राजीनामा ठेवायचा.

शेवटची जोड लागली. आमच्या भागातला बिरुदेव लवटे आणि हरियाणाचा जोगिंदर. हात मिळाले, माती उधळली आणि तुकाची हलगी कडाडली. मी बिरूचं गाव सांगितलं, वस्ताद सांगितला, मेंढरांमागे फिरणाऱ्या बापाने पोराला दूध कसं पुरवलं ते सांगितलं. हे सगळं मला तोंडपाठ असायचं, ते जुळवावं लागत नसे. बिरूनं पहिलीच झेप घेतली तसं मैदान उठून उभं राहिलं. समोरची लाकडी गॅलरीसुद्धा उठली आणि धपकन बसली.

आणि तेव्हा मला ते दिसलं.

कुस्तीच्या मातीच्या हौद्यापलीकडे, माझ्या बरोबर समोर, कमिटीनं बल्ल्या आणि फळ्या ठोकून ती गॅलरी उभी केली होती. कोळेगाव, ढगेवाडीकडची माणसं दरवर्षी एकाच बाजूला बसतात, त्यांच्यासाठी ती खास केलेली. पायरीवर पायरी, वरपर्यंत खच्चून भरलेली. खाली, गॅलरीत बसलेल्यांच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातला मुख्य खांब एका दगडावर उभा केला होता. सकाळी माती भिजवायला आणलेल्या टँकरचं पाणी तिथं मुरलं असावं, कारण दगडाभोवती चिखल झाला होता. गॅलरी बसली तेव्हा तो खांब दगडावरून थोडा सरकला. मला आधी भास वाटला. पण आमचं आडनाव सुतार, लहानपणापासून घरात लाकूडच बघितलेलं. नजर तिथंच अडकली.

बिरूनं दुसऱ्यांदा झेप घेतली. माझ्या तोंडून सवयीनं शब्द निघाले, हलगी चढली, गॅलरी उठली, बसली. खांब आणखी सरकला. आता तो दगडाच्या कडेवर आला होता आणि वरची आडवी बल्ली तिरकी झाली होती. ते बघायला कुणी नव्हतं. सगळे हौद्याकडे बघत होते, आणि गॅलरीत बसलेल्यांना तर आपल्या पायाखालचं दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मी माइक तोंडापासून लांब धरून कमिटीचे संपतराव होते त्यांना जवळ बोलावलं आणि कोपरा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"सकाळपास्नं तशीच हाय ती," ते म्हणाले.

"तशीच नाही. सरकतीय. माणसं खाली घ्या."

"आत्ता? बिरूची कुस्ती चालू असताना?" त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "गॅलरी पडायला लागली म्हणून सांगितलंस, तर पडायची ती उड्या मारूनच पडंल. खालच्या पायऱ्यांवर बायापोरं बसल्यात. कुस्ती होऊ दे, मग बघू."

त्यातलं एक खरं होतं. धोका आहे म्हटलं असतं तर सगळे एकदम उठले असते, आणि त्या खांबाला तेवढंच पुरे होतं. पण कुस्ती होऊ दे म्हणजे काय, तेही मला कळत होतं. कुस्ती निकाली होईल तेव्हा अख्खी गॅलरी नाचणार. मी नाचवणार. त्याचसाठी तर मला बोलावलं होतं.

हौद्यात आता जोगिंदरनं कब्जा घेतला होता. बिरू पोटावर, मातीला चिकटलेला, आणि वरून हरियाणाचा गडी भार टाकून बसलेला. ही अवस्था कितीही वेळ चालते. हलत कुणीच नाही. निवेदकाची खरी परीक्षा तिथं असते. दोन माणसं मातीत पडलेली असतात, आणि तरी लोकांचा श्वास अडकवून ठेवायचा असतो. मला ते जमायचं. निकम आण्णा मांडवातून पुढे सरसावून बसले होते, हनुवटीखाली मूठ धरून. माझ्याकडे बघून त्यांनी हलकी मान हलवली. बोल आता, असा त्याचा अर्थ होता.

मी तुकाकडे वळलो आणि हात खाली केला. म्हणजे बंद कर.

त्याला वाटलं मी चुकलो. तो वाजवतच राहिला. मी पुन्हा हात खाली केला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि काय दिसलं कुणास ठाऊक, टिपरी वरच्या वर थांबवली. मैदानावर एकदम इतकी शांतता झाली की पैलवानांचा श्वास ऐकू यायला लागला.

मग मी स्टँडवरच्या आवाजात बोललो.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ढगेवाडी मार्गे कोळेगावला जाणारी जादा गाडी शाळेच्या पटांगणात लागली आहे."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग दुसऱ्या बाजूनं हशा उठला. एकानं शिट्टी मारली. निकम आण्णांची मूठ हनुवटीखालून खाली आली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"मैदानासाठी आलेल्या प्रवाशांकरिता ही जादा गाडी सोडण्यात आली आहे. गाडी रिकामी आहे. सर्वांना बसायला जागा मिळेल. मी सांगितल्याशिवाय गाडी सुटणार नाही. कोणीही घाई करू नये."

शाळेच्या पटांगणात गाडी नव्हती. कुठलीच नव्हती. इतक्या वर्षांत मी स्टँडवर नसलेली गाडी एकदाही पुकारली नव्हती. गाडी फलाटाला टेकल्याशिवाय माइकला हात लावायचा नाही, हा माझा नेम होता. बाकी त्या नोकरीत जपण्यासारखं होतं तरी काय?

"गॅलरीत बसलेल्या प्रवाशांनी डाव्या हाताच्या जिन्याने उतरावे. सर्वांत वरच्या पायरीवरच्या प्रवाशांनी आधी उतरावे. इतरांनी बसून राहावे."

कुणी हललं नाही. वरच्या पायरीवर पोरांचं एक टोळकं होतं, त्यातला एक ओरडला, "ए कंट्रोलर, कुस्ती सांग की." त्याच्याबरोबर दोघं-तिघं उभं राहून हातवारे करायला लागले. फळ्या करकरल्या. मला वाटलं, गेलं सगळं. घशाशी ओरडा आला होता. तो तसाच बाहेर सोडला असता तर अख्खी गॅलरी एकदम उठली असती.

गवळी साहेबांचं बोलणं त्या वेळी आठवलं असं सांगितलं तर छान वाटेल, पण खरं सांगतो, मला काहीही आठवलं नाही. आवाज आपोआप आणखी सपाट झाला. मी तीच वाक्यं पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ढगेवाडी मार्गे कोळेगाव. गाडी रिकामी आहे.

वरच्या पायरीवर, त्या पोरांच्या पलीकडे, एक म्हातारा उठताना दिसला. काठी, खांद्यावर पिशवी, पांढरं पागोटं. दगडूआबा. कोळेगावचे, आठवड्याच्या बाजाराला न चुकता स्टँडवर येणारे. ते पोरांना काहीतरी बोलले आणि सावकाश जिन्याकडे चालायला लागले. त्यांच्या मागं आणखी एक म्हातारा उठला. मग एक बाप, पोराला खांद्यावर घेऊन. मग एक पायरी. आपल्या माणसाला कुस्ती कितीही प्यारी असली, तरी दमून घरी जाताना बसायला जागा मिळणार म्हटल्यावर पाय आपसूक वळतात. आणि हौद्यात तर दोन माणसं नुसती पडून होती. मी काही सांगत नव्हतो, हलगी वाजत नव्हती. ज्याला कुस्ती कळते त्यालाच त्यात काही दिसलं असतं.

"वरून दुसऱ्या पायरीवरच्या प्रवाशांनी आता उतरावे. जागा सर्वांना आहे."

मांडवात निकम आण्णा उभे राहिले होते. त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. संपतराव त्यांना अडवत होते, हात जोडत होते. आण्णा माझ्या अगदी जवळून गेले आणि जाता जाता थांबून हळूच म्हणाले, "कुस्तीचा जीव घेतलास तू, सुतार." मला त्यांना सांगता आलं असतं. माइक बाजूला करून एक वाक्य बोललं असतं तरी भागलं असतं. पण गॅलरी अजून निम्मी भरलेली होती, तिची आडवी बल्ली वाकली होती, आणि मी मधे थांबलो असतो तर खाली उतरणारी रांगही थांबली असती. मी पुढच्या पायरीला पुकारलं. आण्णांची गाडी धूळ उडवत निघून गेली.

ते पोरांचं टोळकं अगदी शेवटी शेवटी उतरलं. आजूबाजूला कुणी उरलं नाही म्हणून उतरलं असेल. खालच्या पायऱ्यांवर चार-दोन माणसं होती, तीही उठली. आणि तेवढ्यात हौद्यात बिरूनं, सगळे म्हणतात अगदी अचानक, खालूनच जोगिंदरचा हात काखेत आवळला आणि त्याला अंगावरून ओढून चितपट केलं. ती कुस्ती कशी झाली ते मी अजूनही लोकांकडूनच ऐकतो. माझं लक्ष जिन्याच्या शेवटच्या माणसाच्या पायांकडे होतं. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले आणि मी माइक खाली ठेवला.

उरलेलं मैदान बिरूला खांद्यावर घ्यायला धावलं. एवढ्या माणसांच्या धावण्यानं जमीन हादरली असेल तेवढीच. खांब दगडावरून सुटला. गॅलरी आधी एका बाजूला कलली, मग वरच्या पायऱ्या खालच्यांवर येऊन बसल्या, आणि आवाज झाला तो जत्रेच्या देवळापर्यंत ऐकू गेला. धूळ खाली बसली तेव्हा फळ्यांच्या ढिगात कुणाची तरी चप्पल आणि एक पाण्याची बाटली दिसत होती. बाकी काही नव्हतं.

बिरू खांद्यांवर बसून राहिला, त्याला उतरवायचंसुद्धा कुणाला सुचेना. तुका टिपरी हातात धरून माझ्याकडे बघत होता. मी व्यासपीठावरच मटकन खाली बसलो आणि मला रडू आलं. भीतीनं आलं, सुटकेनं आलं, आणि थोडं निकम आण्णांच्या गाडीसाठीही आलं. ते मी लपवणार नाही.

रात्री घरी आल्यावर शालनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आण्णांना निरोप धाडा. खरं काय झालं ते कळू दे त्यांना." मी म्हटलं, कळेलच. मला तेवढ्यापुरतं कुणाशीही बोलायचं नव्हतं.

सकाळी ड्युटीवर गेलो तर गवळी साहेब माझ्या आधी येऊन माझ्याच खिडकीत बसले होते. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"काल मोरणवाडीला जादा गाडी कुणी सोडली?"

मी दाराची कडी लावून वळलो.

"शाळेच्या पटांगणात माणसं अंधार पडेपर्यंत उभी होती म्हणे. आज पहाटेपासून तीन फोन आले. नसलेली गाडी पुकारली, आपल्या नावावर. याचं काय करायचं मी?"

मी म्हटलं, जे नियमात असेल ते करा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गॅलरीत किती होते?"

"भरलेली होती, साहेब."

"एकदम उठले?"

"नाही. पायरी-पायरीनं."

"पळालं कुणी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले. मग उठून मला खुर्ची मोकळी करून दिली. दाराशी गेल्यावर म्हणाले, "ऐकलंय की तुम्ही राजीनामा देणार होता. आणलाय का?"

खिशात होता. मी म्हटलं, "साहेब, माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी करून मिळेल का? जत्रांची मैदानं बहुतेक रविवारी असतात."

"बघतो," ते म्हणाले आणि गेले. त्यांच्या 'बघतो'चा अर्थ आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. पुढच्या महिन्यात सुट्टी बदलली. निकम आण्णांनाही नंतर सगळं कळलं आणि त्यांनी बोलावणं धाडलं. पूर्ण वेळ जमणार नाही, रविवार तेवढे घेईन, असं मी कळवलं. ते रागावले आणि त्यांनी दुसरा निवेदक घेतला. तरी रविवारची मैदानं मला शेवटपर्यंत मिळत राहिली, कधी त्यांची, कधी दुसऱ्यांची.

पण ते पुढचं. त्या सकाळी मी खुर्चीत बसलो तोच कोळेगावची गाडी फलाटाला लागल्याची चिठ्ठी आली. मी माइक ओढला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ढगेवाडी मार्गे कोळेगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे."

एरवी लगेच कुणीतरी खिडकीशी यायचं. आज कुणी आलं नाही. भिंतीपलीकडूनही काही हालचाल ऐकू येईना. मला कसंसंच वाटलं. एकदा खोटं पुकारलं, आता कोण विश्वास ठेवणार? मी माइक बंद केला आणि नोकरी लागल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं. मागचं दार उघडून फलाटावर आलो.

सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता. कट्ट्यांवर बसलेली माणसं, पाट्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं. बातमी माझ्या आधी पोचली होती. मागून कुणीतरी हसत विचारलं, "खरंच लागलीय काय ओ आज? बघून घ्या रं." सगळीकडे हशा पिकला.

दगडूआबा पहिल्या कट्ट्यावर बसले होते. तीन नंबरच्या फलाटाकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. काठी टेकली, पिशवी खांद्यावर टाकली आणि उभे राहिले.

"बघायचं काय त्यात," ते त्या हसणाऱ्याला म्हणाले. "त्यो उठा म्हणला की उठायचं."

ते चालायला लागले. त्यांच्या मागून त्या कट्ट्यावरची माणसं उठली, मग शेजारच्या कट्ट्यावरची. पिशव्या उचलल्या गेल्या, पोरांचे हात धरले गेले. कुणी धावत नव्हतं. मी दारात उभा राहून त्यांना गाडीत चढताना बघत राहिलो, शेवटचा माणूस चढेपर्यंत.

मग आत गेलो आणि पुढची गाडी पुकारली.